सील बदललेलं निघालं : कंटेनरचा माग आपण कुठपर्यंत ठेवतो?

मांडवाखाली (तासगाव तालुका)

मंडळी, नमस्कार. इथं बरेच दिवस वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांब होईल, पण द्राक्ष, बेदाणा, हळद, साखर, कास्टिंग, असं काहीही परदेशी पाठवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही चौदा बागायतदार मिळून युरोपला द्राक्षं पाठवतो. यंदा फेब्रुवारीत एक चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, भरला. वीस पॅलेट, सगळी थॉमसन जातीची द्राक्षं. रात्री साडेनऊला भरायला घेतला आणि पहाटे दोनला दारं लागली. मी स्वतः उभा होतो. शिपिंग लाइनचं (जहाज कंपनीचं) बोल्ट सील, म्हणजे दाराला लावायचा नंबर असलेला लोखंडी खिळा, मीच मारलं, खटका वाजेपर्यंत दाबलं, ओढून बघितलं. शेजारी कस्टम्ससाठीचं ई-सील. दोन्ही नंबर वहीत लिहिले, कागदपत्रं करणाऱ्या मुलाला फोनवरून सांगितले आणि घरी गेलो.

पाच आठवड्यांनी रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा मेल आला. खाली एक फोटो, दाराच्या उजव्या दांड्यावरच्या सीलचा. त्या सीलवरचा नंबर बीएलवरच्या (जहाज कंपनीच्या माल-पावतीवरच्या) नंबराशी जुळत नव्हता. एखादा आकडा इकडंतिकडं झालाय म्हणावं तर तसंही नाही, सीलच वेगळं.

माल उत्तम होता. तापमान नोंदणाऱ्या लॉगरवर रेघ शून्याच्या आसपास सरळ गेलेली. पॅलेट वीसच्या वीस, पेट्या पूर्ण. तरीही त्यांनी प्रत्येक पॅलेट उतरवून तपासलं, त्याचा खर्च आमच्या नावावर टाकला, वर दरात कपात केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : वाटेत हे दार कोणी उघडलं ते तुम्हाला सांगता येत नाही, मग आत जे आहे ते तुम्हीच भरलेलं आहे हे आम्ही कशावरून मानायचं?

मला उत्तर देता आलं नाही. पैशापेक्षा तेच जास्त लागलं.

२०१० साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हाचे दिवस इथल्या कित्येकांना आठवत असतील. त्यातून आपण शिकलो. आज ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी नोंद प्रणालीवर बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीवरचा कोड सगळं एकमेकांना बांधलेलं आहे. तिकडच्या शीतगृहातली पेटी कोणाच्या बागेतली ते इथं बसून सांगता येतं. पण ती पेटी ज्या पोलादी खोलीत बसून गेली, तिचं दार तासगाव ते रॉटरडॅम कोणाकोणाच्या ताब्यात होतं ते सांगता येत नाही. वेलापासून पेटीपर्यंत आपला माग पक्का आहे. पेटीच्या पुढं काहीच नाही.

तर जाणकारांनो, सील कुठं बदललं असेल, ते शोधायचं कसं, आणि पुढच्या वेळी आपल्या हातात काय काय आहे?

---

सावळजचा बागायतदार

दादा, वाचून वाईट वाटलं. छाटणीपासून रात्री जागवायच्या आणि शेवटी एका लोखंडी खिळ्यावरून दर पाडायचा. आमचा माल व्यापारी जाग्यावर घेऊन जातो, त्यामुळं पुढं काय होतं ते आम्हाला कळतच नाही. पण कपात झाली की ती शेवटी किलोमागं आमच्याच दरातून जाते, एवढं कळतं. उत्तराची वाट बघतोय.

---

उरणमुक्कामी

मी मूळचा विट्याचा. न्हावा शेव्याला, म्हणजे जेएनपीटी बंदरात, कस्टम ब्रोकरकडं अठरा वर्षं काम करतोय.

दादा, आधी धीर धरा. सील बदललं म्हणजे चोरीच झाली असं नाही. सील कायदेशीरपणे तुटण्याच्या जागा बऱ्याच आहेत. कस्टम्स जोखमीच्या निकषांवरून किंवा मिळालेल्या खबरीवरून कंटेनर तपासणीला काढतं. स्कॅनरच्या चित्रात शंका आली तर उघडून बघतात. वाटेत ट्रान्सशिपमेंट (एका जहाजातून दुसऱ्यात बदली) असेल तर त्या बंदरातही तपासणी होऊ शकते. प्रत्येक वेळी जुनं सील कापलं जातं, नवं लागतं, आणि कुठल्या तरी कागदावर त्याची नोंद होते. तो कागद माल पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हे खरं दुखणं आहे.

शोधायचं असेल तर असं करा. पॅकहाउस सोडल्यापासून सीलचा नंबर जिथं जिथं लिहिला किंवा वाचला जातो त्या सगळ्या जागा एका कागदावर मांडा. बंदराच्या गेटवर मिळणारी इंटरचेंज पावती, ई-सील वाचल्याची नोंद, जहाजावर चढवताना आणि तिकडं उतरवताना टर्मिनलनं घेतलेली नोंद, शेवटी खरेदीदाराच्या दारातला फोटो. लाइनकडं आणि तुमच्या ब्रोकरकडं लेखी मागा, फोनवर नको. ज्या दोन नोंदींच्या मध्ये नंबर बदलला, तिथंच तुमचं उत्तर आहे.

आता ई-सीलबद्दल थोडं, कारण बरेच लोक ते नुसतं लावायचं म्हणून लावतात. पूर्वी कारखान्यावर माल भरायचा तर सील मारायला अधिकारी यायचा. २०१७ पासून निर्यातदारानं स्वतः आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचता येणारं) ई-सील लावायची पद्धत आली. सील लावल्यावर त्याचा नंबर, कंटेनर नंबर, गाडी नंबर, शिपिंग बिल नंबर, सील मारल्याची तारीख आणि वेळ ही माहिती पोर्टलवर भरायची असते. बंदरात रीडर ते सील वाचतो आणि माहिती जुळली की गाडी पुढं जाते. म्हणजे 'रात्री दोन वाजता सील मारलं' हा तुमचा शब्द नोंदीत राहतो. पण अनेक ठिकाणी ही माहिती दुसऱ्या दिवशी आठवेल तशी कोणीतरी भरतं. ते करू नका.

आणि एक गोष्ट मला खटकली. सीलचा नंबर तुम्ही फोनवरून सांगितलात.

कंटेनरच्या नंबराला स्वतःचं कुलूप असतं. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला सातवा. हा सातवा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून हिशेबानं येतो. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे, मग डावीकडून एक, दोन, चार, आठ असं दुपटीनं गुणत जायचं, बेरीज करायची आणि अकरानं भागून बाकी बघायची. शिकवताना नेहमी वापरतात तो नमुना घ्या : सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. बेरीज येते ६१८५, अकरानं भागून बाकी ३. बरोबर. आता घाईत कोणी ३०५४३८ चं ३०४५३८ केलं तर बेरीज ६२४९ होते, बाकी १. चौकटीत ३ आहे, बाकी १ येते, संगणक लगेच थांबवतो.

सीलच्या नंबराला असं काही नाही. एक आकडा चुकला तरी तो तसाच बीएलवर छापला जातो आणि थेट रॉटरडॅमला कोणाच्या तरी नजरेस पडतो. तुमच्या बाबतीत सीलच वेगळं आहे म्हणता, तेव्हा ही चूक नसेल. पण सीलचा फोटो पाठवायचा, फोनवर सांगायचा नाही, एवढं आजपासून पाळा.

---

हायवे कराड

दादा, माझ्या पाच गाड्या न्हावा शेव्याला असतात. असं काही झालं की सगळ्यांची बोटं पहिल्यांदा ड्रायव्हरकडं वळतात. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, त्याबद्दल आभार.

वाट कशी असते ते सांगतो. तासगावहून कराडला हायवेला लागायचं, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा उतरून पनवेल, मग उरण. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. रीफर असेल तर जेनसेट (त्याच्या यंत्राचा जनरेटर) चालू ठेवायचा, डिझेल बघायचं, डिस्प्लेवरचं तापमान दर थांब्याला लिहायचं. खरी वेळ जाते बंदराच्या तोंडाशी. हंगामात रांग लागली की ड्रायव्हर गाडीतच झोपतो. गाडी पळत असते तेव्हा दाराला कोणी हात लावत नाही, जे व्हायचं ते गाडी उभी असताना होतं. म्हणून आमच्या पोरांना आम्ही शिकवलंय, थांबायचं तर दाराची बाजू भिंतीला नाहीतर दुसऱ्या गाडीला टेकवून लावायची. दार उघडायला फूटभर जागाच ठेवायची नाही.

दुसरं, सील शाबूत आहे म्हणजे दार उघडलेलं नाही असं समजू नका. सील ज्या दांड्यात बसतं त्याचे रिव्हेट, बिजागऱ्या, लॉकिंग रॉडचे कंस बघायचे. बाकी कंटेनर मळलेला, गंजलेला आणि दोनच रिव्हेट नवे चकचकीत, नाहीतर तेवढ्यावरच ताजा रंग, तर तिथंच थांबून फोन करायचा. सीलला चार गोष्टी करायच्या : बघायचं, नंबर पडताळायचा, ओढायचं, पिळायचं. पिळल्यावर वरची टोपी फिरून सुटायला लागली तर ते सील खोटं.

आणि एक विनंती. ड्रायव्हरच्या हातात सील नंबर लिहिलेला कागद द्या. दहापैकी आठ पॅकहाउस देत नाहीत. त्याला नंबरच माहीत नसेल तर तो पडताळणार काय?

---

माहुलीकर दर्यावर्दी

मी साताऱ्याजवळचा, जहाजावर इलेक्ट्रिकल अधिकारी आहे. रीफर माझ्याच ताब्यात असतात म्हणून लिहितो.

जहाजावरच्या माणसाला तुमच्या कंटेनरबद्दल किती कळतं? त्याचा नंबर, वजन, जागा, ठरवलेलं तापमान, आणि धोकादायक माल असेल तर त्याचा वर्ग. बस. आता चारशे मीटर लांबीची, वीस हजारांहून जास्त टीईयू (वीस फुटी कंटेनरचं माप) नेणारी जहाजं आहेत. आम्ही बंद पेट्यांची एक इमारत घेऊन जातो आणि आत काय आहे ते कागद सांगेल ते खरं मानतो. रीफरची पाहणी रोज होते, अलार्म आला तर माणूस वर चढतो, पण वरच्या थरातल्या यंत्रापर्यंत भर वादळात पोचता येत नाही. यंत्र जे तापमान दाखवतं ते परतीच्या आणि पुरवठ्याच्या हवेचं. मण्यांच्या आसपासचं तापमान तुमचा लॉगर सांगतो. म्हणून एक लॉगर दाराजवळच्या पॅलेटमध्ये आणि एक मधल्यात ठेवत जा.

मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघून 'आमचा माल तिथं पोचला' म्हणणारे खूप भेटतात. तो ठिपका जहाजाचा असतो. तुमचा कंटेनर कोलंबोला उतरवून पुढच्या जहाजासाठी यार्डात पडला असेल, त्या जहाजात जागा मिळाली नसेल, तर ठिपका पुढं जातो आणि माल मागं राहतो. शिवाय हा ठिपका जहाजाच्या एआयएस या जागा कळवणाऱ्या यंत्रावरून येतो, आणि ते यंत्र बंद करता येतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलक्सी लीडर' पकडलं, त्यानंतर त्या पट्ट्यातून जाणारी बरीच जहाजं एआयएस बंद ठेवून जायला लागली. बाकीची केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली. तुमचे पाच आठवडे त्यामुळंच. दहा-पंधरा दिवस जादा म्हणजे द्राक्षाच्या आयुष्यातला किती मोठा तुकडा, ते तुम्हाला सांगायला नको.

कंटेनरवर स्वतःचं जीपीएस लावलं तरी समुद्रात त्याचा भरवसा नाही. चहूबाजूंनी पोलाद, वर आणखी सहा-सात थर. आकाश दिसत नाही तर उपग्रह कुठून दिसणार? ते बंदरात मोकळं झाल्यावर साठवलेली माहिती पाठवतं. उशिरा का होईना, दार कधी उघडलं, उजेड कधी पडला हे कळतं. तेवढ्यासाठी ते मोलाचं आहे.

आणखी एक सांगतो, ते मला मनापासून सांगायचं आहे. कंटेनरमध्ये खोटं लिहून भरलेला माल म्हणजे आमच्या जिवाशी खेळ. २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' पेटलं, आधी नायट्रिक ॲसिडची गळती सुरू होती. २५ मे २०२५ ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, त्यावर ६४० कंटेनर होते, १३ मध्ये धोकादायक माल, त्यातल्या बारांत कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागलं की त्यातून पेटणारा वायू सुटतो. अशा वेळी कुठल्या पेटीत काय आहे ही माहिती खरी असणं म्हणजे माणसं वाचणं. वजनाचंही तसंच. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. आपल्याकडं काही जण अंदाजे आकडा टाकतात. खरं वजन द्या. वाटेत कोणी आत काही ठेवलं किंवा काढलं तर वजनच पहिल्यांदा बोलतं.

---

हळद मार्केट यार्ड

सगळं पटतंय, पण खर्चाचं बोला. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, नाव झालं, पण किलोमागं सुटतं किती? प्रत्येक कंटेनरला दोन लॉगर, जीपीएसचं कुलूप, फोटो काढायला माणूस. मोठ्या कंपन्यांना जमेल. आणि ब्लॉकचेनवर (सगळ्यांत वाटलेल्या, गुपचूप बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीवर) सगळा माग ठेवणार म्हणून एवढा गाजावाजा झाला होता, त्याचं काय झालं?

---

उरणमुक्कामी

काका, प्रश्न रास्त आहे. आयबीएम आणि जहाज कंपनी मर्स्कनं मिळून उभं केलेलं ट्रेडलेन्स म्हणताय ना? २०१८ ला जाहीर झालं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद करायचं ठरलं आणि २०२३ मध्ये बंदही झालं. एका मोठ्या लाइनच्या घरातल्या वहीत बाकीच्यांनी आपले हिशेब लिहायचे, हे सगळ्यांना पटलं नाही असं मला वाटतं. यंत्र कितीही हुशार असलं तरी माहिती भरणारा हात आणि ती वाटून घेण्याची तयारी लागते.

सगळं एका यंत्रावर सोपवण्याची दुसरी बाजूही आम्ही इथं बघितली आहे. २०१७ च्या जूनमध्ये मर्स्कवर नॉटपेट्या व्हायरसचा हल्ला झाला, तेव्हा त्यांच्याच समूहाचं इथलं टर्मिनल अडकलं आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या दिवसांत ज्यांच्याकडं कागदावर नोंद होती त्यांचंच काम पुढं सरकलं.

आता तुमच्या खर्चाचं. जे फुकट आहे ते आधी करा. जेएनपीटीत २०१६ पासून लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू आहे, कंटेनर नंबर टाकला की देशातल्या देशात तो कुठल्या गेटवरून कधी गेला ते दिसतं. पैसे लागत नाहीत, तरी दहातले दोन निर्यातदार बघत असतील. फोटो फुकट आहेत. ड्रायव्हरच्या हातातला कागद फुकट आहे. हळदीच्या कोरड्या कंटेनरला जीपीएसचं कुलूप हवंच असं मी म्हणणार नाही. द्राक्षाच्या रीफरला लॉगर हवाच. ज्या मालात तासांचा हिशेब असतो तिथं पैसे घाला, बाकी ठिकाणी शिस्त घाला.

लाइनकडं भरपाई मागायचंही बघून घ्या. नुकसान वरून दिसत नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लाइनला लेखी कळवावं लागतं, आणि दाव्याची मुदत वर्षाची. १९२५ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, पण पुराव्याची गरज तशीच आहे. फोटो नसेल तर तुमची बाजू कोणी ऐकत नाही.

---

पलूसची लेक

मी पलूसची, सध्या नेदरलँड्समध्ये एका फळ आयातदाराच्या शीतगृहात गुणवत्ता तपासणीला आहे. दादांचा खरेदीदार आमचा नाही, पण त्याच्या जागी आम्ही असतो तर असंच वागलो असतो. का, ते सांगते.

इथं फळाचा कंटेनर म्हटलं की कोकेनची भीती असते. दक्षिण अमेरिकेतून येणारी केळी, तीच रॉटरडॅम-अँटवर्प बंदरं, आणि फळ नासतं म्हणून सगळ्यांना घाई. २०२३ मध्ये एकट्या अँटवर्पला ११६ टन कोकेन पकडलं. टोळ्या काय करतात? प्रामाणिक माणसाचा कंटेनर निवडतात, वाटेत उघडून दाराशी पिशव्या ठेवतात आणि दुसरं सील मारतात. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्यालाही नाही. इकडं उतरल्यावर त्यांचा माणूस पिशव्या काढून पळतो. मध्यंतरी तर कंटेनर सोडवायचा पिन कोडच चोरून अख्खा कंटेनर घेऊन जायच्या. आपल्याकडंही २०२१ मध्ये मुंद्र्याला टाल्क (शंखजिरं) म्हणून आलेल्या दोन कंटेनरमध्ये तीन हजार किलोच्या आसपास हेरॉइन सापडलं होतं, ते आठवा. म्हणून वेगळं सील दिसलं की आमच्याकडं पहिल्यांदा द्राक्ष बघत नाहीत, पोलिसांना कळवायचं का ते बघतात.

आता जे सांगते ते राग न धरता वाचा. हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या लोकांचे व्हॉट्सॲप स्टेटस आणि फेसबुक मी बघते. कंटेनरला हार, समोर नारळ, शेतकरी ओळीनं उभे. डोळे भरून येतात. पण त्याच फोटोत कंटेनरचा नंबर स्पष्ट वाचता येतो, कित्येकदा सीलचा नंबरही, आणि खाली लिहिलेलं असतं की कुठल्या बंदराला चाललाय. गाडी अजून खंबाटकीही चढलेली नसते. ज्याला खोटं सील बनवायचं आहे त्याला याहून जास्त काय लागतं?

आपला माग आपल्याला दिसायला हवा, खरेदीदाराला दिसायला हवा, कस्टम्सला दिसायला हवा. गावाला नाही. हाराचा फोटो जरूर काढा, पण माल पोचल्यावर टाका.

---

मांडवाखाली

ताई, तुमचं वाचून गटातल्या सगळ्यांचे त्या रात्रीचे फोटो मागवले. आमच्या गटातल्या एकाच्या स्टेटसला दार बंद झाल्यावर दहा मिनिटांत फोटो गेला होता. नंबर वाचता येतो. तो मुलगा चांगला आहे, अभिमानानं टाकला होता, त्याला आज समजावून सांगितलं.

त्याच फोटोचा एक उपयोग झाला. मी मारलेलं सील त्यात दिसतंय आणि नंबर बीएलवरचाच आहे. म्हणजे पॅकहाउसमधून गाडी निघाली तेव्हा सगळं बरोबर होतं. लाइनला आणि ब्रोकरला लेखी पत्र दिलंय, उरणमुक्कामी दादांनी सांगितलं तसं. उत्तर आलं की लिहितो.

---

कवठ्याचा

रांजणीला ड्राय पोर्ट (समुद्रापासून दूर, कस्टम्सची सोय असलेलं कंटेनरचं ठाणं) होणार, मग सलगऱ्याला होणार, असं किती वर्षं ऐकतोय. कस्टम्सची तपासणी आपल्या जिल्ह्यात आपल्या डोळ्यांसमोर झाली असती तर ही वेळ आली नसती. तपासणी इथं, सील इथं, आणि पुढं थेट बंदराच्या आत. ही मागणी द्राक्ष बागायतदारांनी दराइतकीच जोरात लावून धरायला पाहिजे.

---

हायवे कराड

बरोबर आहे. आणि तोवर गेटवरची इंटरचेंज पावती ड्रायव्हरकडून मागून घ्या. ती त्याच्या केबिनमध्ये पडून असते आणि महिन्याभरानं रद्दीत जाते.

---

मांडवाखाली

मंडळी, उत्तर सापडलं.

हायवे कराड यांनी सांगितलं म्हणून आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं. ड्रायव्हरनं पावती जपून ठेवली होती. त्यावर माझाच सील नंबर. ई-सीलही गेटवर शाबूत वाचलं गेलं होतं. म्हणजे रस्त्यावर काही झालं नाही. त्या ड्रायव्हरला मी फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "साहेब, कोणीतरी सांगितलंत, बरं झालं."

जहाजावर चढवतानाच्या नोंदीत मात्र नवा नंबर होता. मध्ये दोन दिवस. त्या दोन दिवसांत कंटेनर तपासणीला काढला गेला, दार उघडलं, माल बघितला, नवं सील लागलं. सगळं रीतसर. त्याचा कागद आमचं काम बघणाऱ्या ऑफिसच्या फाइलमध्ये होता. तोपर्यंत बीएलचा मसुदा जुन्या नंबरानं गेलेला, तो दुरुस्त करायचा राहिला, आणि आम्हाला कळवायचंही राहिलं. चोरी नाही, टोळी नाही. एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला नाही.

तो कागद, गेटची पावती आणि आमच्या रात्रीचा फोटो असे तिन्ही खरेदीदाराला पाठवले. त्यांनी दरातली कपात मागं घेतली. तपासणीचा खर्च परत दिला नाही. तो आम्ही चौदा जणांनी वाटून घेतला.

परवा दुबईसाठी बेदाण्याचा वीस फुटी कंटेनर भरला. रिकामा आला तेव्हाच बाहेरून, खालून, आतून बघितला. दारं लावून एक माणूस आत उभा केला, कुठून उजेड येतो का ते बघायला. छताला डाव्या कोपऱ्यात सुईएवढं भोक होतं, कंटेनर परत पाठवला, दुसरा मागवला. निम्मा भरल्यावर फोटो, पूर्ण भरल्यावर फोटो, एक दार लावून फोटो, दोन्ही दारं, मग सील जवळून आणि शेवटी सील व कंटेनर नंबर एकाच चौकटीत. ई-सीलची माहिती तिथंच उभं राहून भरली. फोटो एका बंद ग्रुपवर, त्यात मी, ब्रोकर, ट्रान्सपोर्टवाला आणि खरेदीदार. सील कुठंही तुटलं तर जुना आणि नवा नंबर त्याच दिवशी या ग्रुपवर टाकायचा, हे ब्रोकरकडून लिहून घेतलं.

ड्रायव्हरला सील नंबर लिहिलेलं कार्ड दिलं. पहाटे चार दहाला त्याचा फोटो आला. बॅटरीच्या उजेडात सील, मागं भिंतीला टेकलेलं दार, खाली 'खालापूर, ठीक आहे' एवढंच. मी वहीत पाचवी ओळ लिहिली.

---

सावळजचा बागायतदार

दादा, वही बघायला मिळेल का? आमच्या गावातले सहा जण पुढच्या हंगामात स्वतः पाठवायचं म्हणतात.

---

मांडवाखाली

या की. रविवारी सकाळी पॅकहाउसवर या, सहाही जणांना घेऊन या. वापरलेली दोन बोल्ट सीलं कापून ठेवली आहेत, आतून कशी असतात ते हातात घेऊन बघता येईल.